तिसरा सा

हेडफोनवेड्या कानवाल्यांच्या प्रदर्शनाला मी गेली बावीस वर्षं जाते आहे, आणि गाणं ऐकायला आलेला एकही माणूस मला तिथे अजून भेटलेला नाही. सगळे आवाज ऐकायला येतात. बाई काय गातेय याच्याशी त्यांना काही कर्तव्य नसतं. तिने श्वास कुठे घेतला, मागच्या रांगेत खुर्ची कुठे करकरली, ते ऐकू आलं की डोळे मिटून माना डोलावतात आणि लाखभर रुपयांचा हेडफोन उचलतात. मीही त्यातलीच. फरक एवढाच, की मी नंतर त्यावर लिहिते आणि लिहिताना कुणाची भीडभाड ठेवत नाही. या सदराचं नाव ‘कानउघाडणी’ आहे ते उगाच नाही. तीन कंपन्यांनी या सदरामुळे आपली मॉडेलं बाजारातून परत घेतली. एका मालकाने मला लिफ्टमध्ये तोंडावर कैदाशीण म्हटलं होतं, तेही मी पुढच्या लेखात छापलं.

यंदा मात्र जायचं नाही असं ठरवलं होतं. गुडघे दुखतात, आणि त्याच त्या लोकांची तीच ती भंकस ऐकून कान किटले आहेत. पण आठ दिवस आधी ऋताचा फोन आला.

ऋता माझी मुलगी. सव्वीस वर्षांची, ध्वनीची इंजिनिअर. दोन वर्षांपूर्वी ती घर सोडून बंगळुरूला गेली, आणि त्याला कारण मी. तिने स्वतः बनवलेला पहिला हेडफोन मला ऐकवला होता. जेवणाच्या टेबलावर चार पाहुण्यांदेखत मी म्हटलं, “स्टीलच्या डब्यात चमचा पडल्यासारखा वाजतोय.” ते खरंच होतं. ती ताटावरून उठली आणि पंधरा दिवसांत सामान बांधून गेली.

पुढे दर रविवारी फोन व्हायचा. पहिले दोन महिने नुसतं हं, बरं, ठेवते. मग हळूहळू ती बोलायला लागली, हसायला लागली. मी एखादा टोमणा मारला तरी हसायची. मला वाटलं, पोरगी शहाणी झाली, आईची जीभ पचवायला शिकली. रविवारची मी वाट बघायला लागले. हे मी कुणाला सांगितलं नव्हतं, आता इथे लिहितेय.

“आई, आमचं यंत्र पुण्याच्या प्रदर्शनात येतंय,” ती म्हणाली. “तू येऊन ऐक. मग वाटेल ते लिही.”

“वाटेल ते?”

“वाटेल ते. फक्त तुझी ती रेकॉर्डिंग घेऊन ये.”

फोन ठेवल्यावर मी हिशेब मांडला. वाईट लिहिलं तर रविवारचे फोन बंद, आणि या वेळी गेलेली पोरगी परत यायची नाही. खोटं चांगलं लिहिलं तर बावीस वर्षांची अब्रू गेली. इकडे आड तिकडे विहीर, आणि आमंत्रण पोटच्या पोरीचं.

ती रेकॉर्डिंग कुठली, हे नव्या वाचकांसाठी सांगते. जुन्यांना पाठ आहे. प्रत्येक कानवाला प्रदर्शनाला आपली एक कसोटीची चीज घेऊन जातो. वर्षानुवर्षं तीच. तिचे गुणदोष त्याला पाठ असतात, म्हणून नवं यंत्र काय लपवतंय आणि काय वाढवतंय ते लगेच कळतं. माझी चीज म्हणजे नऊ वर्षांच्या ऋताने गायलेला भूप राग. आमच्याच घरात, माझ्याच मायक्रोफोनवर, सतरा वर्षांपूर्वी केलेली अकरा मिनिटं. त्यात ती तीन ठिकाणी सा लांबवर धरते. पहिला सा सुरात, दुसरा सुरात, नवव्या मिनिटाला तिसरा केसभर उतरलेला. जो हेडफोन तो उतरलेला सा झाकतो तो लबाड, जो उघडा पाडतो तो प्रामाणिक. एवढी साधी कसोटी. मी ती रेकॉर्डिंग वाचकांसाठीही देऊन टाकली. त्यामुळे देशभरचे कानवाले ‘ऋताचा तिसरा सा’ ओळखतात. अनोळखी माणसं तिला भेटली की विचारायची, “ती तूच का, सा उतरलेली?” मला वाटायचं, केवढा हा मान. गाणं तिने दहाव्या वर्षीच सोडलं होतं, पण त्याचा याच्याशी संबंध मी कधी जोडला नाही.

प्रदर्शन बाणेर रस्त्यावरच्या हॉटेलात होतं. दोन मजल्यांवरच्या खोल्यांमधले पलंग काढून, गाद्या भिंतींना उभ्या लावून दुकानं मांडलेली. एसीचा आवाज नको म्हणून एसी बंद, म्हणजे खोलीखोलीत पन्नाशीचे पंधरा पुरुष घाम पुसत समाधी लावून बसलेले. एका खोलीत मनगटाएवढ्या जाड केबलीपुढे एक गृहस्थ हात जोडून उभे होते. त्या केबलीने आवाजात काडीचा फरक पडत नाही, हे मी सहा वेळा लिहिलं आहे. पालथ्या घड्यावर पाणी.

ऋताच्या खोलीबाहेर रांग होती. खोलीतून डॉक्टर भडकमकर बाहेर आले. हे दातांचे डॉक्टर, प्रत्येक प्रदर्शनाला हजर. डोळे पुसत होते.

“मंजूषाताई, असा बास, असा खर्ज जन्मात ऐकला नाही. जमिनीतून वर येतो.”

त्यांच्या मागून एक तरुण बाई आली. तिला मी विचारलं, बास कसा वाटला.

“हेच तर सुख आहे,” ती म्हणाली. “बास अंगावर येतच नाही. नुसता गळा ऐकू येतो.”

दाराशेजारी पडद्यावर ऐकून गेलेल्यांचे अभिप्राय सरकत होते. मी उभ्या उभ्या चौतीस वाचले. कुणाला आवाज उबदार वाटला, कुणाला थंडगार. कुणाला गायक समोर बसलेला दिसला, कुणाला दूर देवळात. एकाचा दुसऱ्याशी मेळ नाही आणि सगळे सारखेच खूश. मला तिथेच राग यायला लागला. चौतीस माणसं एका वस्तूबद्दल बोलत असतील तर निदान दहा तरी कुरकुरतात. मंगळागौरीच्या जेवणातसुद्धा आमटी कुणाला तरी खारट लागतेच.

“ये आई,” ऋता म्हणाली.

दोन वर्षांनी बघत होते. वाळली होती. दोन्ही कानांत गव्हाच्या दाण्याएवढं काहीतरी बसवलेलं. मी म्हटलं, “हाडं दिसायला लागली तुझी. बंगळुरूत अन्न मिळत नाही का?” ती छान हसली, फोनवर हसायची तशीच. मला बरं वाटलं.

मग तिने रांग थांबवली, दार लावलं आणि मला खुर्चीत बसवलं. यंत्राचं नाव ‘मनोगत’. दिसायला साधा, गोल गाद्यांचा हेडफोन.

“सांग, काय जादू केली आहेस,” मी म्हटलं. “बाहेर दातांचे डॉक्टर रडतायत.”

“जादू नाही. तुला माहीत आहे, कान नुसता ऐकत नाही. मेंदू आधी अंदाज बांधतो की आता काय ऐकू येणार. अंदाजाप्रमाणे आलं तर तो शांत राहतो. वेगळं आलं, की साधारण सेकंदाच्या पाचव्या हिश्शात एक बारीक दचका देतो. तुला कळतही नाही, पण कानामागच्या कातडीवर त्याची वीज उमटते. या गाद्यांमध्ये ती वीज वाचणारे ठिपके आहेत.”

“आणि वाचून काय दिवे लावता?”

“आवाज बदलतो. दचका कमी होईल तसा. गाणं चालू असतानाच यंत्र गळा वेगळा काढतं, वाद्यं वेगळी काढतं, आणि एकेक गोष्ट किंचित हलवून बघतं. सात-आठ मिनिटांत त्याला कळतं की तुला काय अपेक्षित आहे. मग ते तेवढंच ऐकवतं.”

मी हेडफोन हातातच ठेवला. “म्हणजे भडकमकरांना बास हवा होता म्हणून बास मिळाला. ही लबाडी झाली, ऋता. हा हेडफोन नाही, हा हुजऱ्या आहे.”

“असेल. पण लोक त्याला ‘खरा आवाज’ म्हणतात. आजवर एकानेही नाव ठेवलेलं नाही. तू ठेवून बघ.”

मी ते आव्हान समजले. माझा तिसरा सा होता माझ्याकडे. हुजऱ्या असेल तर तो सा गोड करून ऐकवेल, आणि मग मी या खोलीची अशी कानउघाडणी करणार होते की यंत्र परत डब्यात जाईल. पोटच्या पोरीचं आहे म्हणून काय झालं. रविवार मात्र आठवत होते.

मी हेडफोन लावला. पहिली दोन मिनिटं ठीक. मग खोली नाहीशी झाली. नऊ वर्षांची ऋता माझ्यापुढे मांडी घालून बसली आणि विजेवर चालणाऱ्या तंबोऱ्याच्या पेटीबरोबर गायला लागली. पहिला सा. दुसरा सा. इतकं स्वच्छ मी आयुष्यात ऐकलं नव्हतं, आणि हे लिहिताना मला लाज वाटत नाही. नवव्या मिनिटाला तिसरा सा आला, उतरलेला. झाकलेला नाही, गोड केलेला नाही, चांगला लख्ख उतरलेला. मी डोळे उघडले आणि आजवर कुणालाही न म्हटलेलं वाक्य मुलीला म्हटलं.

“प्रामाणिक आहे. सतरा वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी तो सा जसाच्या तसा दाखवला.”

ऋताने विचारलं, “किती उतरलेला होता?”

“दोन शेजारच्या स्वरांमध्ये शंभर भाग धरले तर वीस भाग. जास्तच, कमी नाही.”

तिने टेबलावरचा पडदा माझ्याकडे वळवला. “हे यंत्राने तुझ्या कानात सोडलेलं. वीस. बरोबर ओळखलंस. आणि हे मूळ रेकॉर्डिंगमध्ये आहे ते. आठ.”

मी पडद्यावरचे दोन्ही आकडे पुन्हा वाचले.

“तुला तो सा उतरलेला हवा होता, आई. दर वेळी यंत्राने तो सुराच्या जवळ नेला की तुझा मेंदू दचकत होता. लांब नेला की शांत व्हायचा. म्हणून त्याने तो आणखी खाली ढकलला.”

“बरं, वीस नाही तर आठ,” मी म्हटलं. आवाज चढला होता. “उतरला होता ना? आठ भागही ऐकू येतात मला. उगाच शब्दांचे खेळ करू नकोस.”

“पुढे बघ.” तिने पडद्यावर दोन रेषा काढल्या. निळी रेष अकरा मिनिटं सरळ, रूळ ठेवून ओढल्यासारखी. लाल रेष सातव्या मिनिटापासून हळूहळू वर सरकणारी. “निळी म्हणजे माझा सा. पहिला, दुसरा, तिसरा, तिन्ही एकाच जागी. लाल म्हणजे तंबोऱ्याची पेटी. मी उतरले नव्हते. पेटी चढली होती.”

“पेट्या अशा चढत नाहीत.”

“बाबांची जुनी बटणं पिळायची पेटी होती ती. तापली की चढायची.”

“आणि कशाने तापेल? जानेवारी होता.”

तिने या सदराच्या डोक्यावर छापून येतो तो फोटो मोठा केला. तोच, तुम्ही सगळे सतरा वर्षं बघता आहात तो. नवऱ्याने काढलेला. ऋता मायक्रोफोनपुढे बसलेली, मी कानांवर हेडफोन लावून बोट वर केलेली. मागे माझा लाडका व्हॉल्व्हचा अँप्लिफायर, त्याच्या काचेच्या नळ्या लाल पेटलेल्या. आणि त्या अँप्लिफायरच्या डोक्यावर तंबोऱ्याची पेटी. वायर पुरत नव्हती म्हणून मीच ठेवली होती.

या सदराच्या अगदी पहिल्या लेखात मी लिहिलं होतं की व्हॉल्व्हच्या अँप्लिफायरवर काहीही ठेवू नये, फुलदाणीसुद्धा, तो तव्यासारखा तापतो. तुमच्यातल्या एकालाही तो फोटो बघून ते आठवलं नाही. तुम्ही सगळे एका पोरीचा उतरलेला सा शोधण्यात गुंतला होता. आणि मोजून बघावं असं मलाही कधी वाटलं नाही, कारण मोजायचं नाही हा तर आपला धर्म. यंत्र मोजतं, कान ऐकतो, हे वाक्य टाळ्या घेण्यासाठी मीच दर वर्षी म्हणते. आठ आण्यांचं मोजमाप सतरा वर्षं केलं नाही.

“तू कधी मोजलंस?” मी विचारलं.

“दोन वर्षांपूर्वी. घर सोडलं त्या आठवड्यात.”

“आणि मला बोलली नाहीस.”

“बोलले असते तर तू म्हणाली असतीस, मोजमापं घेऊन येऊ नकोस माझ्याकडे.”

म्हटलं असतं. अगदी त्याच शब्दांत.

ऋताने माझ्या हातातला ‘मनोगत’ काढून घेतला आणि बाजूच्या खणातून एक जुना, काळा, गादी फाटलेला हेडफोन काढला. मोबाईलबरोबर फुकट मिळतो तसला. “आता हा लाव. रेकॉर्डिंग शेवटपर्यंत ऐक. तू नेहमी तिसऱ्या सा-पाशी थांबतेस.”

ते खरं होतं. कसोटी तिथे संपायची. पुढे काय आहे ते मी ऐकलेलं नव्हतं.

मी लावला. खरखरीत, पत्र्याचा आवाज. तिसरा सा गेला. आता मला तो ऐकू आला, सरळ, न हलता धरलेला, आणि त्याच्या खालून पेटी वर निसटत असलेली. पोर त्या पेटीच्या मागे गेली नव्हती. नऊ वर्षांची पोर आपल्या सा-वर ठाम राहिली होती, कारण तिला तो माहीत होता. मग आलाप संपला आणि माझा आवाज आला.

“उतरलीस. पुन्हा.”

एवढंच. त्यात ओरडणं नव्हतं. ओरडणं परवडलं असतं. खराब भाजी परत करताना मी भाजीवाल्याशी बोलते तो आवाज होता. त्यानंतर दोन-तीन सेकंद काही नाही, फक्त लहान पोराने रडू येऊ नये म्हणून रोखून धरलेला श्वास. माझ्या त्या महागड्या मायक्रोफोनने तो श्वास अगदी बारकाईने टिपला होता.

मी हेडफोन काढला.  जे सुचलं ते बोलले, “मग रविवारी फोनवर इतकी हसायचीस कशी तू माझ्याशी?”

ऋताने कानातल्या त्या गव्हाच्या दाण्याला बोट लावलं. “याच्यामुळे. यंत्राचं हे धाकटं भावंड. हे बोलण्याचे शब्द बदलत नाही, नुसता स्वर बदलतं. पहिले दोन महिने सोडले तर मी तुझ्याशी हे लावूनच बोलते. मी लहानपणी जशी आई मागत होते तसा तुझा आवाज येतो. मघाशी तू हाडं दिसतात म्हणालीस ना, ते मला फार मायेने ऐकू आलं.”

म्हणजे रविवारी ती माझ्याशी बोलतच नव्हती. मी वाट बघायचे, आणि ती तिकडे कुणा दुसऱ्याच बाईशी हसायची. माझा संताप संताप झाला. यंत्र उचलून त्या गाद्यांवर आपटावं असं वाटलं.

“हे विकणार तू लोकांना? घराघरांत? नवरा काय बोलला ते बायकोला कळायचं नाही, आई काय बोलली ते पोरांना कळायचं नाही. सगळे आपले गोडगोड ऐकत बसणार, आणि समोरच्याला वाटणार की आपलं बोलणं पोचलं.”

“हो,” ती शांतपणे म्हणाली. “लोकांना हेच हवंय. मलाही हेच हवं होतं. म्हणून तर बनवलं.”

“आणि मी हे असंच लिहिणार.”

“लिही. वाटेल ते लिही म्हटलंय ना.”

बाहेर रांगेतल्या कुणीतरी दार वाजवलं. मी दाराकडे बघून म्हटलं, “थांबा जरा, कुणाचा जीव जात नाहीये.” ऋताला हसू आलं, तेच फोनवरचं. आणि त्या हसण्याने मला काय करायचं ते कळलं. माझ्याकडे सांगण्यासारखी एकच गोष्ट होती, आणि ती या दाण्यातून गेली असती तर मधासारखी झाली असती. मी ती बावीस वर्षांच्या हट्टाने बोलले काय, किंवा कोरडेपणी बोलले काय, तिला सारखीच गोड लागली असती.

“काढ ते कानातून,” मी म्हटलं.

“कशाला?”

“काढ म्हणते ना.”

 तिने एकेक करून दोन्ही दाणे काढून टेबलावर ठेवले. हात मात्र त्यांच्यावरच ठेवला. जवळजवळ दोन वर्षांनी ती माझा आवाज ऐकणार होती आणि तिला भीती वाटत होती, सव्वीस वर्षांच्या बाईला, आईच्या आवाजाची. हे बघायची वेळ माझ्यावर मीच आणली.

 लोकांच्या चुका सांगायला मला कधी शब्द शोधावे लागले नाहीत. आता शोधावे लागले.

“तुझा तिसरा सा बरोबर होता,” मी म्हटलं. “पेटी मी ठेवली होती. चूक माझी होती.”

ऋताने डोळे मिटून घेतले होते आणि मान एका बाजूला कलती केली होती, मी करते तशी.  मग डोळे न उघडता म्हणाली,

“‘चूक’वर आवाज पडला तुझा. पुन्हा.”